विद्युत दुचाकीवरील विंडशील्ड : ऊर्जा, सोय व सुरक्षितता यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

नोकरी-व्यवसायासाठी रोज ठरावीक अंतर कापणाऱ्या विद्युत दुचाकीस्वारांमध्ये वाहनाच्या पुढील भागी पारदर्शक विंडशील्ड बसविण्याविषयी कुतूहल दिसून येते. विंडशील्डमुळे हवेचा रोध कमी होऊन एका चार्जमधील पल्ला वाढेल, ही त्यामागील प्रमुख अपेक्षा असते. प्रस्तुत लेखात या अपेक्षेची भौतिकशास्त्राच्या प्राथमिक नियमांच्या आधारे तपासणी केली आहे. शहरी वेगात विंडशील्डमुळे पल्ल्यात होणारा बदल अल्प असतो व तो वाढीचा तसाच घटीचाही असू शकतो. विंडशील्डचे खरे मूल्य चालकाचा थकवा कमी होण्यात आहे, तर त्याचा खरा धोका दृष्टी व स्थैर्य यांच्याशी निगडित आहे, असे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : विद्युत दुचाकी, विंडशील्ड, हवेचा रोध, पल्ला, दृश्यमानता, वाहन-फेरबदल.

प्रस्तावना :

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शहरांमध्ये विद्युत दुचाकींची संख्या लक्षणीयरीत्या वाढली आहे. रिव्होल्ट आरव्ही ४०० ही विद्युत मोटारसायकल २०१९ मध्ये भारतीय बाजारपेठेत आली. जानेवारी २०२० मध्ये बजाजने 'चेतक' हे जुने परिचित नाव विद्युत स्कूटरसाठी पुन्हा वापरात आणले. राज्य शासनाने २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. पुण्यातून चाकण, हिंजवडी किंवा रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रात जाणारा कामगार असो वा ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारा कर्मचारी असो, त्याच्या दृष्टीने प्रश्न साधा असतो : सकाळी भरलेली बॅटरी संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत पुरेल काय?

पेट्रोलवरील दुचाकीस्वारास हा प्रश्न क्वचितच पडतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास इतकी ऊर्जा साठविलेली असते. तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीतील ऊर्जा ही त्या मानाने केवळ एक तृतीयांश लिटर पेट्रोलइतकी भरते. पेट्रोल इंजिन आपल्या इंधनातील ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया घालविते. विद्युत मोटार मात्र बहुतांश ऊर्जा चाकापर्यंत पोहोचविते. म्हणूनच एवढ्याशा साठ्यावर विद्युत दुचाकी शंभर किलोमीटरच्या आसपास धावू शकते. तथापि साठाच लहान असल्याने चाकापुढील प्रत्येक अडथळ्याचा हिशेब चालकास प्रत्यक्ष जाणवतो. हवेचा रोध हा त्यांतील सर्वांत मोठा अडथळा होय. त्यामुळे विंडशील्डचा विचार विद्युत दुचाकीच्या संदर्भात स्वतंत्रपणे करणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. दुचाकीस लागणाऱ्या ऊर्जेत हवेच्या रोधाचा वाटा किती असतो हे समजून घेणे.
२. विंडशील्डमुळे पल्ल्यात होऊ शकणाऱ्या बदलाची मर्यादा निश्चित करणे.
३. चालकाची सोय, दृश्यमानता, स्थैर्य व कायदा या अंगांनी विंडशील्डचा विचार करणे.
४. प्रत्यक्ष मोजणीची साधी पद्धत सुचविणे.

१. पार्श्वभूमी

दुचाकीवर वायुरोधक आवरण चढविण्याची कल्पना नवी नाही. इटलीतील मोटो गुझ्झी या कंपनीने १९५० मध्ये मांदेल्लो देल लारिओ येथे मोटारसायकलींसाठी स्वतःचा वातबोगदा उभारला. त्या दशकातील शर्यतीच्या मोटारसायकलींवर पुढचे चाक पूर्णपणे झाकणारी मोठी आवरणे दिसत. त्यांमुळे वेग वाढला. परंतु आडव्या वाऱ्यात ती वाहने अस्थिर होत. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर अशा आवरणांवर बंदी घातली. वेग आणि स्थैर्य यांतील हा संघर्ष आजच्या साध्या विंडशील्डलाही लागू पडतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील क्रेग व्हेटर यांनी तयार केलेले 'विंडजॅमर' हे आवरण लांब प्रवास करणाऱ्यांत लोकप्रिय झाले. पुढे १९८० ते १९८५ या काळात त्यांनी इंधन-बचतीच्या स्पर्धा भरविल्या. तेथे यशस्वी ठरलेल्या वाहनांत चालकासमोरील आवरणाइतकेच त्याच्या पाठीमागील निमुळत्या शेपटीला महत्त्व होते. केवळ पुढे काच लावल्याने हवा कापली जाते हा समज अपुरा आहे. हवा मागे कशी मिटते यावर रोधाचा मोठा भाग अवलंबून असतो. बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९७६ मध्ये आर १०० आरएस ही पूर्ण आवरणाची मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा ते आवरण वातबोगद्यात तपासून घडविले होते. बाजारातील सर्वसाधारण विंडशील्ड अनेक वाहनांना बसेल अशा बेताने बनविलेले असते, हा फरक लक्षात घेतला पाहिजे.

२. हवेच्या रोधाचे गणित

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने धावणाऱ्या दुचाकीस मुख्यतः दोन रोधांवर मात करावी लागते. पहिला टायरचा रोध. तो वजनावर अवलंबून असतो व वेगानुसार फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा रोध. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाल्यास हवेचा रोध चौपट होतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते.

उदाहरणादाखल वाहन व चालक यांचे एकूण वजन १९० किलो, टायरचा रोध-गुणांक ०.०१५, सरळ बसलेल्या चालकासह वाहनाचे रोध-क्षेत्र (समोरील क्षेत्रफळ व आकार-गुणांक यांचा गुणाकार) ०.६ चौरस मीटर आणि पुण्यासारख्या उंचीवरील हवेची घनता १.१ किलो प्रति घनमीटर मानली आहे. बॅटरीपासून चाकापर्यंत ८५ टक्के ऊर्जा पोहोचते व बॅटरी ३ किलोवॉट-तासांची आहे असे गृहीत धरल्यास पुढील चित्र मिळते.

तक्ता क्र. १ : स्थिर वेगातील रोध व पल्ला

वेग २५ किमी प्रतितास : टायरचा रोध २८ न्यूटन, हवेचा रोध १६ न्यूटन, हवेचा वाटा ३६ टक्के, पल्ला सुमारे २०९ किमी.
वेग ४० किमी प्रतितास : टायरचा रोध २८ न्यूटन, हवेचा रोध ४१ न्यूटन, हवेचा वाटा ५९ टक्के, पल्ला सुमारे १३४ किमी.
वेग ६० किमी प्रतितास : टायरचा रोध २८ न्यूटन, हवेचा रोध ९२ न्यूटन, हवेचा वाटा ७७ टक्के, पल्ला सुमारे ७७ किमी.
वेग ८० किमी प्रतितास : टायरचा रोध २८ न्यूटन, हवेचा रोध १६३ न्यूटन, हवेचा वाटा ८५ टक्के, पल्ला सुमारे ४८ किमी.

ही आकडेमोड सिग्नल, चढ व वारा यांविना केलेली आहे. शिवाय बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत कोणी वापरीत नाही. त्यामुळे यातील पल्ल्याचे आकडे प्रत्यक्षात मिळणाऱ्या अंतराचे निदर्शक नव्हेत. परस्परांशी तुलना करण्यापुरतेच त्यांचे महत्त्व आहे. वेग ४० वरून ६० वर नेल्यास पल्ला चाळीस टक्क्यांहून अधिक घटतो, ही त्यातील सर्वांत बोलकी बाब होय. उत्पादक कंपन्या मंद व जलद अशा वेगवेगळ्या पद्धतींसाठी इतके भिन्न पल्ले का सांगतात, याचेही उत्तर येथे मिळते.

ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या व नोंदणीची आवश्यकता नसलेल्या मंदगती वाहनांच्या बाबतीत हवेचा वाटा टायरच्या रोधाहूनही कमी आहे. अशा वाहनांवर पल्ला वाढविण्यासाठी विंडशील्ड बसविणे निरर्थक ठरते. तेथे टायरमधील हवेचा दाब योग्य राखणे अधिक फलदायी होय.

३. विंडशील्डमुळे पल्ल्यात होणारा बदल

विंडशील्डमुळे रोध-क्षेत्र घटेल की वाढेल, हे त्याच्या आकारावर ठरते. चालकाची छाती हा हवेच्या दृष्टीने आधीच बोथट अडथळा असतो. मागे कललेली, वक्र व खांद्यांच्या रुंदीपेक्षा अरुंद अशी काच हवेला चालकाच्या बाजूंनी व डोक्यावरून वळविते. तिच्यामुळे रोध किंचित कमी होऊ शकतो. याउलट उभी, सपाट व हँडलच्या टोकांपर्यंत पसरलेली काच समोरील क्षेत्रफळच वाढविते. तिच्या कडांवरून सुटणारी हवा भोवऱ्यांच्या रूपाने चालकामागे विखुरते आणि रोधात भर पडते.

हा बदल दोन्ही दिशांनी दहा टक्के मानून पाहू. ताशी ६० किलोमीटरच्या स्थिर वेगात वर दिलेला ७७ किलोमीटरचा पल्ला चांगल्या आकाराने ८३ पर्यंत जाईल, तर वाईट आकाराने ७१ पर्यंत खाली येईल. शहरात मात्र दर किलोमीटरला दोनदा थांबून पुन्हा ४० चा वेग घ्यावा लागतो असे धरले, तर प्रत्येक वेळी वेग घेण्यासाठी चाकाशी सुमारे ३.३ वॉट-तास ऊर्जा खर्च होते. ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत येते, ती येथे मोजलेली नाही. अशा वाहतुकीत पल्ला सुमारे १०० किलोमीटर येतो व काचेमुळे होणारा बदल चार-साडेचार किलोमीटरचा असतो.

रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर प्रवास करणाऱ्या व्यक्तीची यातून होणारी बचत ५० ते ६० वॉट-तास भरते. विजेचा दर युनिटला १० रुपये धरल्यास ही रक्कम साठ पैशांच्या आसपास आहे. महिन्याच्या पंचवीस दिवसांत सुमारे पंधरा रुपये वाचतील. खर्च भरून निघण्यासाठी विंडशील्ड बसवावे, या युक्तिवादास त्यामुळे आधार उरत नाही.

आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. छातीवरचा वारा कमी झाला की वेगाची जाणीवही बोथट होते व चालक नकळत अधिक वेगाने जाऊ लागतो. वरील गृहीतांनुसार ताशी ५० किलोमीटरला चाकाशी दर किलोमीटरला २५.५ वॉट-तास लागतात. काचेने हवेचा रोध दहा टक्क्यांनी घटविला, परंतु चालक ६० च्या वेगाने जाऊ लागला, तर हाच खर्च ३०.७ वॉट-तासांवर जातो. म्हणजे काचेने दिलेले वेगाने हिरावून घेतले, आणि वर आणखी काही घेतले.

विंडशील्डच्या वजनाची चिंता मात्र अनाठायी आहे. दोन किलो वजनामुळे टायरचा रोध ०.३ न्यूटनने वाढतो, तो नगण्य होय.

४. समोरचा व आडवा वारा

हवेचा रोध रस्त्याच्या सापेक्ष वेगावर नव्हे, तर हवेच्या सापेक्ष वेगावर अवलंबून असतो. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीसमोर २० किलोमीटरचा वारा आल्यास हवेचा रोध ६० च्या वेगाइतका होतो. दर किलोमीटरचा ऊर्जाखर्च चाकाशी १९ वरून ३३ वॉट-तासांवर जातो. पावसाळ्यात पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यात पश्चिमेला तोंड करून जाताना बॅटरी झपाट्याने का उतरते, याचे हे कारण आहे. परतीच्या वाटेवर वारा पाठीशी असतो; पण जाताना झालेले नुकसान येताना पूर्णपणे भरून येत नाही, कारण रोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

ऊर्जेपेक्षा गंभीर प्रश्न आडव्या वाऱ्याचा आहे. हँडलवर बसविलेली मोठी काच हे एक शीडच असते. खाडीकाठचा उघडा रस्ता, उड्डाणपूल किंवा भरधाव मालट्रकच्या शेजारून पुढे जाण्याचा क्षण अशा ठिकाणी वाऱ्याचा झोत काचेवर आदळतो व त्याचा जोर थेट हँडलवर येतो. शंभर-सव्वाशे किलोच्या हलक्या वाहनात हा धक्का अधिक जाणवतो. काच हँडलऐवजी वाहनाच्या मुख्य सांगाड्याला किंवा दिव्याभोवतीच्या स्थिर भागाला जोडलेली असल्यास हा परिणाम पुष्कळ कमी होतो. म्हणून ज्याच्या रोजच्या मार्गावर उघडा महामार्ग आहे, त्याने हँडलवरील उंच काच टाळणे इष्ट होय.

५. चालकावरील परिणाम

विंडशील्डचा निर्विवाद लाभ चालकाच्या शरीरास होतो. ताशी ६० किलोमीटरला एकूण ९२ न्यूटन, म्हणजे सुमारे नऊ किलो वजनाइतका रेटा हवा देत असते; त्याचा मोठा भाग चालकाच्या छातीवर व हेल्मेटवर येतो. तो तोलून धरण्यासाठी मनगटे, खांदे व मान यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. रोज तास-दीड तास हा ताण सोसणाऱ्यास काचेचा आडोसा नक्कीच उपकारक ठरतो.

थंडीच्या दिवसांत हा लाभ अधिक ठळक होतो. अमेरिका व कॅनडा येथे २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार १० अंश सेल्सिअस तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा लागल्यास शरीरास सुमारे ६ अंशांची थंडी जाणवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या नाशिक-निफाड परिसरातील कामगारास याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बोटे गारठल्यास ब्रेक लावण्यास विलंब होतो; त्यामुळे ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

उन्हाळ्यात हाच आडोसा त्रासदायक होतो. घाम वाळून शरीर थंड होण्यास वाहती हवा आवश्यक असते. विदर्भातील मे महिन्यात ती अडविणे हिताचे नाही. त्यामुळे आपल्या हवामानात सहज काढता व बसविता येणारी काच अधिक उपयुक्त ठरते. तसेच काही वाहनांत मोटार-नियंत्रक किंवा बॅटरी पुढून येणाऱ्या हवेने थंड होते. काचेच्या खालच्या भागाने त्या हवेची वाट अडणार नाही हे पाहावे.

विद्युत दुचाकीत इंजिनाचा आवाज नसल्याने वाऱ्याचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारी अस्थिर हवा नेमकी हेल्मेटवर आदळल्यास आवाज व थरथर काच नसतानापेक्षाही वाढते. काचेमागे निर्माण होणारा कमी दाबाचा पोकळ भाग हे त्याचे कारण असते. काचेच्या तळाशी थोडी फट ठेवल्यास खालून हवा आत येते, दाबातील फरक कमी होतो व वरचा झोत शांत होतो. उंची किंवा कल थोडासा बदलूनही पुष्कळ फरक पडतो.

६. दृष्टी आणि काचेचे द्रव्य

काचेची उंची ठरविताना एक नियम कटाक्षाने पाळावा : चालकाने काचेतून नव्हे, काचेवरून पाहिले पाहिजे. काचेची वरची कड साधारणतः हनुवटी ते नाक यांच्या पातळीस असावी. चारचाकीच्या काचेला पाणी पुसणारे वायपर असतात. दुचाकीच्या विंडशील्डला ते नसतात. पावसाळी रात्री समोरून येणाऱ्या वाहनांचा प्रकाश काचेवरील थेंबांत व ओरखड्यांत विखुरतो. हेल्मेटच्या काचेवरही थेंब असतातच. अशा दोन ओल्या काचांतून रस्त्यातील खड्डा किंवा पादचारी वेळेवर दिसणे अवघड असते. विंडशील्डशी संबंधित सर्वांत मोठा धोका हाच आहे.

विंडशील्ड सामान्यतः पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक या प्लास्टिकचे असते. पॉलिकार्बोनेट आघात चांगला सोसते व सहजासहजी तुटत नाही. परंतु त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि संरक्षक थर नसल्यास उन्हातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. ॲक्रिलिक अधिक पारदर्शक व तुलनेने कठीण असते, मात्र आघाताने तडकते. दगड उडणाऱ्या रस्त्यांवर संरक्षक थर दिलेले पॉलिकार्बोनेट श्रेयस्कर होय. दोन्हीही प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून टाकून, सौम्य साबणाने व मऊ कापडाने स्वच्छ करावीत. धुळीवर कोरडे फडके फिरविल्यास ओरखडे पडतात. पेट्रोल, थिनर तसेच अमोनियायुक्त काच-स्वच्छक यांनी पॉलिकार्बोनेटची हानी होते. गडद रंगाची काच रात्रीच्या प्रवासासाठी अयोग्य समजावी.

७. जोडणी व कायदेशीर बाजू

काच बसविल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्णपणे वळवून पाहावे. ब्रेकची केबल, तारा किंवा आरसे कोठेही अडकता कामा नयेत. दिवा, दिशादर्शक व नंबरप्लेट झाकली जाऊ नये. बोल्टखाली रबरी वॉशर असावेत, अन्यथा कंपनाने प्लास्टिकला तडे जातात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. जोडणीसाठी वाहनाच्या तारा कापणे किंवा सांगाड्यास छिद्र पाडणे टाळावे. त्यामुळे हमीचा प्रश्न उद्भवू शकतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. वाहनाच्या रचनेत बदल होऊन त्याचे मूलभूत स्वरूप बदलणे, असा फेरबदलाचा अर्थ तेथे दिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. काढता येणारी लहान काच आणि वाहनाची रुंदी व रूप पालटणारे मोठे आवरण या दोहोंत त्यामुळे फरक करणे भाग आहे. उत्पादकाने त्याच वाहनासाठी पुरविलेली काच हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. काच असली तरी हेल्मेटची आवश्यकता कमी होत नाही.

८. प्रत्यक्ष मोजणीची पद्धत

विशिष्ट काचेमुळे विशिष्ट वाहनाचा पल्ला वाढला की घटला, हे मोजूनच कळते. मोटार बंद करून वाहन किती लांब घरंगळते ते पाहण्याची जुनी पद्धत अनेक विद्युत दुचाकींवर लागू पडत नाही, कारण थ्रॉटल सोडताच मोटार ऊर्जा परत घेऊ लागते व वाहनाचा वेग कमी करते. त्याऐवजी सपाट व कमी वर्दळीचा रस्ता निवडून, वारा पडलेला असताना, टायरचा दाब तोच ठेवून, एकाच स्थिर वेगाने दोन्ही दिशांना जावे व वाहनाच्या पडद्यावरील दर किलोमीटरचा वॉट-तास खर्च नोंदवावा. प्रथम काचेविना, नंतर काचेसह व शेवटी पुन्हा काचेविना अशी मोजणी करावी. पहिली व तिसरी मोजणी परस्परांशी जुळत नसेल, तर दुसरीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. एखाद्या दिवशी पल्ला जास्त मिळाला एवढ्यावरून काचेला श्रेय देणे शास्त्रीय ठरत नाही; त्या दिवशी वाराही पाठीशी असू शकतो.

निष्कर्ष :

१. ताशी २५ किलोमीटरच्या मंदगती वाहनावर विंडशील्डचा ऊर्जेच्या दृष्टीने उपयोग नाही. शहरी वाहतुकीत त्याचा परिणाम अल्प व दोन्ही दिशांनी संभवणारा असतो. ६० किलोमीटरच्या पुढे तो जाणवण्याइतका होतो.
२. पल्ला वाढविण्याचा खात्रीचा उपाय वेग मर्यादित ठेवणे हाच आहे. वेगात दहा किलोमीटरची घट कोणत्याही सर्वसाधारण विंडशील्डहून अधिक ऊर्जा वाचविते.
३. थकवा व थंडी यांपासून संरक्षण हा विंडशील्डचा खरा लाभ असून लांब अंतराच्या रोजच्या प्रवासात तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.
४. दृश्यमानता व आडव्या वाऱ्यातील स्थैर्य या दोन कसोट्यांवर न उतरणारी काच, तिने पल्ला वाढत असला तरीही, स्वीकारार्ह नाही.
५. अरुंद, कललेली, नजरेच्या रेषेखाली राहणारी, सांगाड्याला जोडलेली व ऋतुमानानुसार काढता येणारी काच रोजच्या प्रवासासाठी योग्य होय.

विंडशील्डची निवड बॅटरीच्या आकड्याकडे पाहून नव्हे, तर रस्ता, ऋतू व चालकाची नजर यांचा विचार करून केली, तरच तिचा उपयोग होतो.